वाटेचा महिना, समुद्राची वेळ

साम्रदच्या सांदण दरीची माहिती दोन पुस्तकांत वाचली, तर एकात डोहातलं पाणी कमरेपर्यंत निघेल आणि दुसऱ्यात घोट्यापर्यंत. दोन्ही लेखक खरंच सांगत असतील. एक दिवाळीनंतर लगेच गेला असेल, दुसरा एप्रिलात. आणि जुलैत तीच दरी म्हणजे आजूबाजूच्या डोंगरांचं पाणी वाहून नेणारी अरुंद चीर असते. तेव्हा तिथे उतरायचंच नसतं. म्हणून सह्याद्रीचं किंवा कोकण किनाऱ्याचं गाइडबुक हातात घेतलं की फोटो आणि इतिहास नंतर पाहा. आधी लेखक त्या वाटेने कोणत्या महिन्यात गेला होता ते शोधा. किनाऱ्याचं पान असेल तर कोणत्या तिथीला आणि किती वाजता, तेही शोधा. ही उत्तरं जिथे मिळत नाहीत तिथलं वर्णन कितीही देखणं असलं तरी अर्धंच आहे.

डोंगरापासून सुरुवात करू. सह्याद्रीत एकाच वाटेचे वर्षात निदान चार अवतार होतात. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ, ओढ्यांना अचानक पाणी आणि माथ्यावर धुकं. पुस्तकात ‘ओढा ओलांडून पलीकडे’ हे तीन शब्द असतात, पण पावसाळ्यात अख्खा ट्रेक त्या तीन शब्दांवर अडतो. जाताना गुडघाभर असलेला ओढा घाटमाथ्यावर दोन तास पाऊस कोसळला की परतताना ओलांडता येत नाही. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, पण गवत पुरुषभर वाढलेलं आणि कारवी दाट असते. गावकऱ्यांची ये-जा सुरू झालेली नसते, त्यामुळे ‘मळलेली वाट’ जमिनीवर असूनही दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पुस्तकाशी सर्वांत जास्त जुळणारा काळ, कारण बहुतेक वर्णनं याच दिवसांत लिहिलेली असतात. मार्चनंतर वाट स्वच्छ दिसते, पण गवत वाळून किंवा वणव्यात जळून गेल्याने उतारावर घसारा (पायाखाली सरकणारी माती-खडी) सुटतो, टाकी आटतात आणि कड्यांवरची आग्या मोहोळं भरलेली असतात. मोहोळाखालून जाताना धूर, अत्तर, परफ्यूम, आरडाओरडा काहीही नको. माशा उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, तोंड-मान झाकून तिथून लांब पळा.

‘सोपा, मध्यम, कठीण’ ही श्रेणी तर गाइडबुकातून काढूनच टाकावी असं माझं मत आहे. एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: अंतर, चढाई, दृष्टिभय (खालची खोली दिसून वाटणारी भीती) आणि वाट सापडण्याची अडचण. हरिश्चंद्रगडच घ्या. पाचनईकडून चढ कमी, वाट रुंद, घरातली लहान मुलंही येतात. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून गेलं तर अंतर बरंच वाढतं, खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा लागतो आणि पुढच्या पठारावर धुक्यात दिशा चुकते. कोकणातल्या बेलपाड्याहून नळीची वाट म्हणजे मोठाल्या धोंड्यांची, अधूनमधून कातळारोहणाची, पूर्ण दिवस खाणारी चढाई. गड एक, वाटा तीन. ‘हरिश्चंद्रगड: मध्यम’ असं छापलं तर ते तिघांपैकी कुणाच्याच कामाचं नाही. पुस्तकात श्रेणीच असेल तर या चार गोष्टी वर्णनातून स्वतः काढा आणि आपल्या गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाला प्रत्येक गोष्ट झेपेल का ते पाहा. चालायला दमदार असलेला माणूस शिडीवर थिजतो, हे नेहमीचं आहे.

वेळेचंही तसंच. पुस्तकातले ‘तीन तास’ हे लेखकाचे तीन तास असतात. त्यापेक्षा स्वतः हिशोब करावा. स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजूनही चांगला चालतो: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. समजा एका बाजूने अंतर ६ किलोमीटर आणि चढाई ८०० मीटर. अंतराचा सव्वा तास, चढाईचा एक तास वीस मिनिटं, म्हणजे साधारण अडीच तास. हा धडधाकट माणसाचा न थांबता चालण्याचा वेळ झाला. दहाजणांचा गट, पाठीवर सॅक आणि आपल्याकडची उष्ण-दमट हवा धरली की त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा. पावणेचार तास धरा. घसाऱ्याच्या किंवा धोंड्यांच्या उतारावर उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, तिथे ‘उतरताना निम्मा वेळ’ ही समजूत घात करते. कळसूबाईसारख्या १६४६ मीटरच्या शिखरावर रविवारी शिड्यांपाशी रांग लागते, तो वेळ कोणत्याच पुस्तकात नसतो.

हा हिशोब सूर्यास्तापासून उलटा करायचा. नोव्हेंबरअखेर मुंबई-पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पूर्वेकडे तोंड असलेल्या घळीत चार-साडेचारलाच उजेड मंदावतो. म्हणजे परत फिरण्याची वेळ सकाळीच ठरवून गटाला मोठ्याने सांगून ठेवा. माथा अर्ध्या तासावर दिसत असला तरी ती वेळ झाली की फिरायचं.

आता डावं-उजवं. ‘ओढ्याच्या उजव्या काठाने वर जा’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. नकाशाच्या शास्त्रात नदीचा उजवा काठ म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड केल्यावर उजवीकडचा. चढणारा माणूस मात्र प्रवाहाकडे तोंड करून चालत असतो, त्याचा उजवा हात नेमका दुसऱ्या काठावर येतो. चांगला लेखक ‘ओढा डाव्या हाताला ठेवून चढा’ असं लिहितो. तुमच्या पुस्तकात नुसता ‘उजवा काठ’ असेल, तर त्याच लेखकाने आधीच्या एखाद्या ओळखीच्या वाटेचं वर्णन कसं केलंय ते तपासून त्याची पद्धत ओळखून घ्या. वर्णनातल्या खुणाही निवडून घ्या. ‘मोठ्या आंब्यापाशी’, ‘पत्र्याच्या शेडजवळ’ या खुणा तुटतात, उडतात. खिंड, टाकं, लेणं, देवळाचं जोतं, धारेचा आकार या टिकतात.

सह्याद्रीत माणूस चुकतो तो बहुतेक उतरताना, आणि त्याचं कारण खडकात आहे. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार किंवा झाडीभरला पदर होतो, त्याच्याखाली पुन्हा कडा. पायऱ्यांसारखी रचना. खालून पाहिलं की कडे स्पष्ट दिसतात. वरून पाहिलं की पायाखालचा कडा अजिबात दिसत नाही, फक्त खालचा पदर आणि त्याच्याखालचं गाव दिसतं. गाव दिसतंय म्हणून माणूस सरळ सोंडेने उतरत जातो आणि शंभर मीटरच्या कड्याच्या कपाळावर येऊन थांबतो. मागे चढायची ताकद उरलेली नसते, म्हणून तो आडवा जाऊन जागा शोधतो, आणि अपघात तिथे होतो. प्रत्येक कडा ओलांडायची जागा ठरलेली असते: एखादी नाळ (कड्यातली अरुंद उभी घळ), खोदीव पायऱ्या, शिडी, निसणी (लाकडी शिडी). पुस्तक वाचताना या जागांवर पेन्सिलने खूण करा. उतरताना ती जागा वरून कशी ओळखायची हे लिहिलं नसेल, तर चढताना तिथे थांबून, मागे वळून, वरून दिसणारा देखावा डोक्यात साठवा. फोटोही उतरायच्या दिशेनेच काढा.

इथे नकाशावर फार भिस्त ठेवू नका. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटरला. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा, हे खरं. पण १५ मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधल्या जागेत सबंध मावतो आणि नकाशावर उमटतच नाही. दोर लागणारे बरेचसे टप्पे याच उंचीचे असतात. मोबाइलवरच्या जीपीएक्स ट्रॅकचंही (कुणीतरी चालून नोंदवलेल्या वाटेच्या रेघेचंही) असंच. अरुंद नाळेत आकाशाची फक्त पट्टी दिसते, उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात, आणि रेघ खऱ्या वाटेपासून चाळीस-पन्नास मीटर बाजूला सरकते. सपाटीवर याने काही बिघडत नाही. कड्याच्या काठावर मात्र चाळीस मीटर म्हणजे चुकीची घळ. ट्रॅक वापरा, पण तो कुठपर्यंत नेतो ते पाहा आणि शेवटची निवड वर्णन आणि डोळे यांवर करा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं. नकाशा आधी उतरवून ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, बॅटरी दिवसभर पुरेल. होकायंत्र नेलंत तर एक सोय आहे: महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत इतका थोडा फरक आहे की चालणाऱ्याने दुरुस्ती करायची गरज नाही.

पाण्याबद्दल ‘गडावर पाण्याची टाकी आहेत’ हे वाक्य सर्वांत फसवं. टाकं कोणतं, उघडं की आत कोरलेलं, पिण्याचं की जनावरांचं, कोणत्या महिन्यापर्यंत? उघड्या टाक्यातलं पाणी उन्हाने उडतं आणि हिरवं पडतं. कातळात आत खोदलेलं खांबटाकं सावलीत असतं, ते एप्रिलातही थंड पाणी देतं. अशा टाक्याच्या तोंडाशी गावकऱ्यांची दोरी किंवा डबा दिसला तर पाणी वापरात आहे असं समजा. तरीही शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. आधी दुहेरी फडक्यातून गाळा, कारण गढूळ पाण्यात क्लोरिन आधी गाळावरच खर्च होतं. मग पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. किंवा खळखळून एक मिनिट उकळा, आपल्या उंचीला तेवढं पुरतं. थंडीत माणशी तीन लिटर, मार्च ते मे पाच लिटर. पुस्तक काहीही म्हणो, उन्हाळ्यात पहिल्या खात्रीच्या टाक्यापर्यंतचं सगळं पाणी पाठीवरच हवं.

एस.टी.च्या वेळा पुस्तकात सर्वांत लवकर शिळ्या होतात. तेवढ्यासाठी आदल्या दिवशी त्या आगारात फोन करावा आणि विचारताना नुसतं ‘गाडी आहे का’ न म्हणता ‘मुक्कामी गाडी आहे का’ असं विचारावं. रात्री गावात थांबून पहाटे परतणारी ती गाडी असेल तर दोन दिवसांचा सगळा बेत बदलतो. अभयारण्यातल्या वाटांवर वन खात्याचं प्रवेश शुल्क आणि पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश, ही माहितीही पुस्तकात नसते. ती निघण्याआधी दोन दिवस पाहावी.

घाट उतरून किनाऱ्यावर आलं की महिन्याबरोबर घड्याळही लागतं. आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट: तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा तास मिळतो. म्हणजे दर तिथीला पंचेचाळीस मिनिटं, नेमकं धरलं तर अठ्ठेचाळीस. अष्टमीला सहा-साडेसहाला भरती, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराला. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की ओहोटी. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या टापूत अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बसतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईच्या आधी लागते. त्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी सहलीचा दिवस निवडायला वापरा. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.

उदाहरण अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचं. पुस्तकात लिहिलेलं असतं: ओहोटीला चालत जाता येतं. कोणत्या ओहोटीला? सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी हवी असेल तर भरती सव्वातीन ते चारच्या दरम्यान हवी, म्हणजे चतुर्थी किंवा पंचमी, पक्ष कोणताही चालेल. उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांना हे जवळ असल्याने पाणीही चांगलं उतरतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तेव्हा ओहोटीच्या वेळीही वाटेत पाणी राहू शकतं. तक्त्यात वेळेच्या शेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते, ती वाचा. ओहोटी ०.५ मीटरची आणि ओहोटी २ मीटरची, यांत वेळ सारखी असली तरी वाट सारखी नसते. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यांतही असा फरक असतो.

आणि पाणी एका गतीने चढत नाही. सहा तासांत ते बाराव्या हिश्श्यांच्या हिशोबाने येतं: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीतला फरक चार मीटर धरा. ओहोटीनंतर तासाने पाणी फक्त ३३ सेंटिमीटर चढलेलं असतं, माणूस निर्धास्त होतो, तटावर डबा उघडून बसतो. दोन तासांनी ते १ मीटर झालेलं असतं. तीन तासांनी २ मीटर. मधल्या तासातला तो मीटर त्याला परत येऊ देत नाही. म्हणून ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी, पाणी उतरत असतानाच निघा, किल्ला दीड-दोन तासांत पाहा आणि ओहोटीनंतरच्या पहिल्या तासाच्या आत वाळूवर परत या. उशीर झालाच तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यावर थांबा आणि होडी बोलवा, नाहीतर पुढची ओहोटी येऊ द्या. बारा तासांची वाट पाहणं कंटाळवाणं असेल, पण धोक्याचं नाही.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याहून जास्त जपून करायची. पायऱ्या उतरून खडकाच्या चिरेतून खाली आलं की लाटांनी झिजलेल्या सपाट कातळावरून वळसा घालायचा असतो, आणि एका बाजूला उघडा समुद्र. इथे पाण्याच्या पातळीइतकाच लाटांचा धोका असतो. ओहोटी असूनही समुद्र खवळलेला असेल तर जायचं नाही. ओला काळा कातळ दिसला की तिथपर्यंत नुकतीच लाट पोचली होती असं समजा आणि कोरड्या कातळावरच राहा. गंमत म्हणजे हेदवीच्या बामणघळीचा हिशोब याच्या अगदी उलटा. घळीत घुसून उंच उसळणारं पाणी पाहायचं तर भरतीच लागते, ओहोटीला गेलात तर एक कोरडी भेग दिसेल. एकाच दिवशी दोन्ही पाहायचं ठरवलं तर सहा तासांचं अंतर आपोआप मिळतं. फक्त मधला रस्ता आणि खाड्या त्यात बसवाव्या लागतात.

खाड्यांसाठी जंगलजेट्यांची (वाहनं पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटींची) माहिती पाहा: आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या फेऱ्यांमुळे सायकलवाल्यांचे मोठे वळसे वाचतात, पण रात्री त्या बंद होतात आणि शेवटच्या फेरीची वेळ हंगामाप्रमाणे बदलते. सायकलने जाणाऱ्यांना पुस्तकं आणखी एक गोष्ट क्वचितच सांगतात: सागरी मार्ग सपाट नाही. प्रत्येक खाडीपासून जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळ-पठारावर) चढ आणि पुन्हा पुढच्या खाडीला उतार, असं दिवसभर चालतं. सड्यावर सावली नसते. मार्चपासून अकरा ते चार तिथे चालणं किंवा सायकल मारणं टाळाच. फेब्रुवारी ते मे दुपारचं वारं वायव्येकडून येतं, म्हणून मुंबईकडून गोव्याकडे जाणाऱ्याला ते पाठीशी मिळतं आणि उलट येणाऱ्याला छातीवर. शक्य असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडेच बेत आखा. सड्यावर दगड उचलताना, बसताना फुरसं या विषारी सापाचा विचार करा. ते जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं काही नाही; तो भाग हलू न देता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं.

पोहण्याबाबत पुस्तकातलं ‘सुरक्षित किनारा’ हे विशेषण मानू नका. लाटा फुटण्याच्या रांगेत मध्येच एखादा शांत, गडद पट्टा दिसतो. नवख्याला तीच जागा पोहायला बरी वाटते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात ओढलं जात असतं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि मग लाटांबरोबर आत या. मालवणचं स्कुबा आणि किल्ल्यांच्या होड्या मेअखेरीस थांबतात आणि पावसाळा सरल्यावर सुरू होतात. पाणी नितळ हवं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि जमिनीवर कुठेही ११२.

सहलीहून आल्यावर पुस्तक तसंच कपाटात ठेवू नका. ज्या पानाने नेलं त्या पानाच्या कडेला पेन्सिलने लिहा, पण ‘टाकं कोरडं’ असं नको. ‘९ मार्च, खांबटाक्यात हातभर पाणी, उघडं टाकं कोरडं’ असं लिहा. किनाऱ्यासाठी ‘कृष्ण पंचमी, ओहोटी १०.१०, उंची ०.९, साडेअकराला परत येताना पोटरीपर्यंत पाणी’. पुढच्या वर्षी ते पान कुणालाही देता येतं. लेखकाला किंवा प्रकाशकाला दुरुस्ती कळवतानाही हेच लिहून पाठवा, तारखेसकट.